गाठ ते गाठ

असं विमान उडतच नाही, हे मला त्या दिवशी दुपारी एक वाजता कळलं. तोवर त्याच विमानाच्या भरवशावर अडतीस मासे दोन पिशव्यांत भरून, पिशव्या पेटीत ठेवून, पेटीला चिकटपट्टीसुद्धा लावून झाली होती. फॉर्मवर सही साहेबांची होती, पण अक्षर माझं होतं. म्हणजे चूक माझी.

आमची कंपनी मासे परदेशी पाठवते. खायचे नव्हेत, बघायचे. लोकांच्या बैठकीत काचेच्या पेटीत फिरत असतात ते. एक लांब शेड, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या टाक्या, मधली फरशी बारा महिने ओली, आणि पार शेवटी एक पत्र्याचं टेबल. त्या टेबलाशी मावशी उभी असते. सव्वीस वर्षं उभीच आहे. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशव्यांचा गठ्ठा ठेवते.

कंपनीच्या रजिस्टरात तिच्या हुद्द्यापुढं 'अकुशल' असं लिहिलंय. शेडमधून उचलून मला ऑफिसात बसवलं, तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा वाचला. ज्यानं तो लिहिला त्याला धरून टेबलाशी आणावं, एका हातात जिवंत मासा द्यावा, दुसऱ्या हातात पिशवी द्यावी आणि म्हणावं, हं, दाखव आता तुझी कुशलता. लिहिणाऱ्याचं काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

बंद पिशवीत मासा स्वतःच्याच घाणीत पोहतो. पाणी किती घालायचं, वर ऑक्सिजन किती भरायचा, एका पिशवीत किती जीव टाकायचे, हे सगळं एका आकड्यावर ठरतं. तो आकडा तासांचा. शेडमध्ये त्याला 'प्रवास' म्हणतात. आणि इथंच बाहेरचा माणूस फसतो, कारण बाहेर प्रवास म्हणजे विमान उडालं ते उतरलं. आमच्याकडं पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन रबराची गाठ बसली की प्रवास सुरू होतो आणि पलीकडे कुणीतरी ती गाठ सोडली की संपतो. गाठ ते गाठ. विमानाचं उडणं-बिडणं हे मधलं काहीतरी. नऊ वर्षं मी मावशीच्या हाताखाली ऑक्सिजनची नळी धरून हेच शिकलो होतो. ऑफिसच्या खुर्चीत आठ महिने बसलो आणि विसरलो.

मावशीनं आयुष्यात विमानतळ पाहिलेला नाही. पण तिला विचारा. पहिल्यापासून तिचा एक नेम आहे. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाकायची: गाठ किती वाजता सोडली, किती मेले, पाणी कसं होतं. उत्तरं येत गेली, आधी पत्रानं, मग फोनवर. ती सगळी तिच्या डोक्यात आहेत. "तो काचेचा मोठा विमानतळ ना? तिथं माल उतरवून आधी उन्हात ठेवतात. दोन तास धरा." "तिथला जनावरांचा डॉक्टर शुक्रवारी फिरकतच नाही." "तिथं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायला गाडी एकच, आणि ती कायम बिघडलेली." जगातले विमानतळ लोकांनी त्यांच्या दुकानांवरून, दिव्यांवरून ओळखावेत; ही बाई ते ताटकळण्यावरून ओळखते. मला तरी तिचीच ओळख खरी वाटते.

तर त्या बुधवारी अकरा वाजता मास्तर आले. निवृत्त चित्रकलेचे मास्तर, पंचाहत्तरी ओलांडलेले, हातात झाकणाची बादली. बादलीत अडतीस मासे. अर्ध्या करंगळीएवढे, अंगानं राखाडी, कुशीवर तांब्याच्या तारेसारखी एक रेघ. बघणाऱ्यानं दुसऱ्यांदा बघू नये असा मासा. पण तो एकाच ओढ्यात व्हायचा, आणि तो ओढा पाइपात घालून वरून रस्ता केला त्याला अकरा वर्षं झाली. रस्ता होण्याआधी मास्तरांनी बादलीभर मासे घरी नेले होते आणि मागच्या अंगणात टाक्या बांधून वाढवले होते. सरकारला सांगितलं, कॉलेजला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं? मग यंदा टाक्यांत रोग शिरला. चारशेचे अडतीस उरले. जगात एवढेच, आणि एवढे सगळे त्या बादलीत.

दूर देशातल्या एका मत्स्यालयातल्या बाईंनी ते मागितले होते. त्यांच्याकडे साधनं होती, माणसं होती, त्यांनी असे दोन-तीन मासे याआधी वाचवले होते. परवाना मोठ्या मिनतवारीनं निघाला होता आणि त्याची मुदत शनिवारी संपत होती. आजचं विमान चुकलं तर पुढची जागा आठ दिवसांनी.

"बाई," मास्तर मावशीला म्हणाले, "मी आता थकलो. माझ्या हातून हे राहणार नाहीत. पोचतील ना?"

मावशी आश्वासनं देत नाही. तिनं बादलीत डोकावून विचारलं, "शेवटचं कधी खायला घातलंत?"

"परवा," मास्तर म्हणाले.

"बरं केलंत. उपाशी मासा स्वच्छ प्रवास करतो." मग माझ्याकडं वळून, "काय रे, प्रवास किती?"

माझ्या हातात जावईबापूंचा नवा फॉर्म होता. जावईबापू म्हणजे मालकांचे जावई, वर्षभरापासून आमचे साहेब. माणूस दुष्ट नाही. पण आयत्या बिळावर येऊन बसलेल्याला बिळाचा दरवाजा बदलायची फार हौस असते. त्यांनी फॉर्म छापले. फॉर्मवर चौकट: 'प्रवासाची वेळ'. आधीचा कारकून ती वेळ काढायला विमान कंपनीला, मधल्या विमानतळाला, पलीकडच्या माणसाला फोन करत बसायचा. जावईबापूंनी फोन बंद केले. "आजच्या काळात? इंटरनेटवर दोन्ही विमानतळांची नावं टाका, एका सेकंदात येतं." नेहमीच्या ठिकाणांचे तास मावशीला पाठच होते, म्हणून तोवर काही बिघडलं नव्हतं; हे ठिकाण नवं होतं.

आलंही होतं. दोन नावं टाकली, खाली नकाशावर एक लाल कमान उमटली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंतर नऊ हजार आठशे सत्तर किलोमीटर. वेळ बारा तास वीस मिनिटं. इतकी नीटस दिसत होती ती कमान की तिच्यावर अविश्वास दाखवणं असभ्यपणाचं वाटावं. मी आकडा चौकटीत लिहिला, साहेबांनी सही ठोकली.

"बारा वीस," मी म्हणालो. "तेरा धरा."

मावशीनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "एवढ्या लांबला तेरा?"

"थेट असणार."

"सुधारलं बाबा जग," ती म्हणाली आणि कामाला लागली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं चार प्रश्न विचारले असते. मी शेडमधला. शेडमधल्या माणसानं प्रवास तेरा सांगितला म्हणजे गाठ ते गाठ तेरा. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, ही गोष्ट अजून मला टोचते.

तेरा तासांना दोन पिशव्या पुष्कळ झाल्या. एकोणीस-एकोणीस मासे. पावणेएकला पेटी बंद. मास्तरांनी पेटीवर तळहात ठेवला आणि उचलला.

एक वाजता मावशी डबा खात होती. घास तोंडात तसाच ठेवून तिनं मला हाक मारली. "अरे, थेट म्हणालास ते कुठल्या कंपनीचं विमान?"

"बघून सांगतो."

"बघ की. पेटीवर मधल्या विमानतळाचं लेबल नाही म्हणून विचारतेय. मला अशी पेटी कधी बांधल्याची आठवत नाही."

मी ऑफिसात गेलो. बुकिंगचा कागद काढला. तो मी सकाळपासून उघडला नव्हता, कारण वेळ तर मिळालेली होती. त्यावर एक विमान नव्हतं, तीन होती. रात्री आठला पहिलं, पाच तासांचं. मग अकरा तास मुक्काम. मग दुसरं, पावणेअकरा तासांचं. मग चार तास मुक्काम. मग तिसरं, दोन तासांचं.

परत इंटरनेटवरच्या त्या पानावर गेलो. खाली, मुंगीनं लिहावं एवढ्या अक्षरात लिहिलं होतं: हे सरळ रेषेतलं अंतर आहे, ताशी आठशे किलोमीटरच्या सरासरीनं वेळ काढली आहे, प्रत्यक्ष उड्डाण असेलच असं नाही. असेलच असं नाही! म्हणजे कुणीतरी दोन ठिपक्यांमध्ये दोरी ताणली, दोरीला एका आकड्यानं भागलं आणि उत्तर जगासमोर टांगून ठेवलं. त्या दोन विमानतळांमध्ये थेट विमान आजवर उडालेलं नव्हतं. ज्यांनी ते पान बनवलं त्यांना मी त्या क्षणी यथेच्छ शिव्या दिल्या. पण पान बिचारं खाली खरं बोललं होतं. वाचलं नव्हतं ते मी.

शेडमध्ये येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं मावशी फाडून खाईल. तिनं डब्याचं झाकण लावलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली.

"गाठ तीनला धरली तर विमान सुटेपर्यंत पाच. पाच नि पाच दहा. अकरा, एकवीस. पावणेअकरा, बत्तीस. चार, छत्तीस. दोन, अडतीस. उतरल्यावर डॉक्टर आणि कागद चार, रस्ता दोन. चव्वेचाळीस. मी पन्नास धरते."

"पण मावशी, तिकडची वेळ आपल्यापेक्षा—"

"तिकडच्या घड्याळाशी मला काय करायचंय? माशाच्या पोटात घड्याळ एकच असतं." आणि तिनं चिकटपट्टी खसकन ओढली.

तेवढ्यात जावईबापू आले. पेटी उघडी बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे काय? चारला काउंटर बंद होतो. सव्वातीनला गाडी निघाली पाहिजे!"

"निघेल," मावशी म्हणाली.

"आणि पेटी एकच बुक आहे. दोन पेट्या घेणार नाहीत. वजनही वाढवायचं नाही."

"नाही वाढवत."

"मग उघडताय कशाला? तेरा तासांची पिशवी थोडी जास्त टिकेल की!"

"जावईबापू," मावशी शांतपणे म्हणाली, आणि तिनं तोंडावर त्यांना साहेब न म्हणण्याची ती पहिली वेळ, "तुम्हाला एकोणीस माणसांबरोबर एका न्हाणीघरात कोंडते. तेरा तासांनी काढते म्हणून सांगते आणि तिसऱ्या दिवशी काढते. थोडे जास्त टिकाल का?"

जावईबापू दोन पावलं मागं सरले.

ती रबर सोडणार इतक्यात मास्तर पुढं आले. इतका वेळ ते टाकीची कड धरून उभे होते. "बाई, मी खोटं बोललो."

"काय?"

"परवा नाही. आज सकाळी घातलं खायला. निघताना. वाटलं, एवढ्या लांब चाललेत... शेवटचं माझ्या हातचं."

मावशीनं डोळे मिटले. मी तिला इतक्या वर्षांत एकदाच असं पाहिलं आहे. मग उघडले आणि म्हणाली, "मास्तर, माया आपल्याला असते. ती त्यांच्या पोटात घालायची नसते." आवाज कडक होता, पण त्यात राग नव्हता. "किती घातलंत?"

"चिमूट. दोन चिमटी."

"दोन चिमटी तेरा तासांत खपल्या असत्या. पन्नास तासांत त्याच विष होतील." तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. "टबात रात्रभर मुरलेलं पाणी काढ रे. सगळे मासे त्यात. आणि मग एक तास कुणी हात लावायचा नाही."

"एक तास?" जावईबापू ओरडलेच. "तुमच्याकडं एकूण तास आहेत दोन!"

"भ्यालेला मासा पोट मोकळं करतो. आज ते पुरेसे भ्यालेत. तासाभरात रिकामे होतील. त्याआधी बांधले तर बांधलेच नाहीत असं समजा."

मी बरीच कष्टाची कामं पाहिली आहेत. पण घोड्यावर बसलेली वेळ समोरून जात असताना काही न करता उभं राहणं, आणि सगळ्यांना उभं ठेवणं, हे काम किती जणांना जमतं? जावईबापू येरझारा घालत होते. मी तीनदा टबापाशी गेलो आणि तिन्ही वेळा "मागं हो" ऐकलं. मास्तर उकिडवे बसून होते. मावशी मात्र पिशव्या कापत होती. तिनं मोठ्या पिशव्या बाजूला सारल्या आणि आमच्याकडं एकमेकांना फाडणाऱ्या फायटर माशांसाठी असतात त्या छोट्या पिशव्या काढल्या. एकात एक घालून जोड्या लावल्या. खालचे कोपरे पिळून रबरानं बांधले, म्हणजे लहान मासा कोपऱ्यात अडकून चेंगरत नाही. एकूण शहात्तर पिशव्या, अडतीस जोड्या.

"एका पिशवीत एक," ती म्हणाली. "प्रत्येकाची घाण प्रत्येकापाशी. एखादा गेला तर एकटा जाईल, शेजाऱ्याला घेऊन जाणार नाही. पाणी घोटभर आणि वर हवा तिप्पट. वजन दोन पिशव्यांएवढंच भरेल, बघा हवं तर."

जावईबापू थांबले. "अडतीस पिशव्या एका तासात होतील?"

"गाठी मोजायच्या असतील तर दुप्पट. आतली वेगळी, बाहेरची वेगळी."

सव्वादोनला तिनं टबात वाकून पाहिलं. तळाशी बारीक काळे धागे पडले होते. "झालं. ये."

पुढचा तास मला आजही क्षणाक्षणानं आठवतो. मास्तर लहान जाळीनं एकेक मासा उचलून पिशवीत सोडत होते. मी पिशवी दाबून जुनी हवा काढायची, नळी घालायची, ऑक्सिजन सोडायचा, नळी ओढायची. मग पिशवी मावशीकडं. ती तोंड धरायची, अडीच पीळ द्यायची, पीळ दुमडायची आणि रबर चढवायची. रबर बोटांवरून कसं फिरायचं ते मला नऊ वर्षांत दिसलेलं नाही. मी बघतो, मग रबर बसलेलं असतं, मधलं मला दिसतच नाही. मग अंगठ्यानं पिशवीवर टिचकी. टिचकीचा आवाज ऐकून ती दोनदा म्हणाली, "हवा कमी, परत भर." मला दोन्ही वेळा सगळ्या पिशव्या सारख्याच वाजल्या होत्या. दोन्ही वेळा हवा कमी होती.

अठरावी, एकोणिसावी, विसावी. तिच्या तर्जनीवर रबरानं रेघ पडली, मग ती लाल झाली, मग फुटली. तिनं बोट बदललं. मी म्हणालो, "मावशी, बाहेरच्या गाठी मी मारतो."

"तुझ्या गाठी तीस तासांनी सुस्कारा सोडतात. नळी धर."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. मोजून बोलली. माझ्या गाठी खरंच तेवढ्याच टिकतात.

तीनला दहा कमी असताना जावईबापूंनी खिशातून फोन काढला, दारापाशी गेले आणि काउंटरवर कुणाला तरी विनवू लागले. "दहा मिनिटं उशीर झाला तर खिडकी उघडी ठेवा हो. नाही, नेहमीचा माल नाही. जरा ऐका..." परत आले ते बाह्या सरसावून. "मी काय करू?"

"पेटीत रचा. उभ्या. हलक्या हातानं, अंडी रचल्यासारख्या."

त्यांनी रचल्या. सुटाबुटातला माणूस ओल्या फरशीवर गुडघे टेकून. बरं दिसलं.

तीन वाजून सोळा मिनिटांनी शेवटची टिचकी. पेटी बंद. गाडी जावईबापूंनीच हाणली, गाडीवाल्याला शेजारी बसवून. चारला तीन मिनिटं असताना त्यांचा फोन आला: घेतली. मावशीनं तेव्हा कुठं हात नळाखाली धरले.

"जगतील?" मास्तरांनी विचारलं.

"गाठ सोडेपर्यंत मला काही म्हणता येत नाही," ती म्हणाली.

मधले दोन दिवस मी फोनवर काढले. साहेबांनी बंद केलेल्या फोनवर, त्यांच्याच टेबलावरून, आणि ते समोर बसून ऐकत होते. पहिलं विमान वेळेवर. दुसरं तीन तास उशिरा. तिथल्या कुणाला तरी मी पेटी सावलीत ठेवायला सांगितली; तो म्हणाला, ठेवलीय, पेटीवर कसल्याशा लिपीत मोठ्ठं काहीतरी लिहिलंय म्हणून सगळे बघून जातात. मावशीनं चुन्यासारख्या पांढऱ्या रंगानं 'हळू' असं लिहिलं होतं, ते. मला हसू आलं.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहालाच मास्तर शेडमध्ये हजर. अकराला चव्वेचाळीस तास झाले, काही नाही. एक वाजला. तीन वाजले. मावशी दुसऱ्या मालाच्या पिशव्या बांधत होती, बोटाला चिंधी गुंडाळून. मास्तर टाकीच्या कडेला बसून होते. त्यांना पाणी दिलं तर पेला हातात तसाच. पाच वाजता पन्नास पूर्ण झाले. मावशीनं घड्याळाकडं पाहिलं, आणि मग पाहिलंच नाही.

सहाला पाच कमी असताना त्या मत्स्यालयातल्या बाईंचा निरोप आला. मी मोठ्यानं वाचला. गाठी सोडल्या आत्ताच. एक्कावन्न तासांनी. छत्तीस जिवंत. दोन गेले.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "छत्तीस," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "छत्तीस." मग त्यांनी मावशीसमोर हात जोडले आणि ती चक्क रागावली. "हात काय जोडताय मास्तर, मी काय देवळात उभीय? काय रे, ते दोन कसे गेले? विचार. पिशवी फुसकली, की पाणी काळं झालं?"

मी विचारलं. दोन्ही पिशव्या घट्ट होत्या, पाणी स्वच्छ होतं. मासे वयानं मोठे होते, बाईंनी लिहिलं, बहुधा तेवढंच.

"असेल," मावशी म्हणाली. पण तिला ते पटलं नाही, हे दिसलं. ते दोन मासे तिच्या डोक्यात कायमचे राहणार. तिला मी ओळखतो.

मग चलचित्र आलं. मोठी काचेची टाकी, खाली गोटे, आणि आमचे राखाडी जीव. मास्तर फोनला नाक लावून बघत होते. जावईबापू त्यांच्या खांद्यावरून. सगळे आनंदात. मावशीनं ओल्या हातानं माझं मनगट धरून फोन आपल्याकडं वळवला, क्षणभर पाहिलं, आणि म्हणाली, "हे सगळे वर का तरंगतायत?"

"दमलेत," जावईबापू म्हणाले.

"दमलेला मासा खाली जातो. हे वर तोंड काढतायत. पाणी ऊन आहे. सांग तिला, दोन अंश कमी कर. हळूहळू, एकदम नको. आणि दिवा बंद कर म्हणावं, प्रदर्शन नंतर मांडा."

मला जरा संकोच वाटला. ती बाई डॉक्टर होती, तिच्या नावापुढं चार पदव्या होत्या. मी लिहिलं तरीही. उत्तर दहा मिनिटांनी आलं: त्यांच्या तापवायच्या यंत्राचा काटा चुकीचा होता, पाणी खरंच दोन अंश वर होतं, आता उतरवतोय, दिवा घालवला. खाली विचारलं होतं, तिथं बसून तुम्हाला कसं दिसलं?

मी ते वाचून दाखवलं. मावशीनं चिंधी सोडून बोटाची जखम पाहिली, नवी चिंधी घेतली. "तिला म्हणावं, अर्ध्या तासानं पुन्हा चित्र पाठव. मी थांबते."

तिची घरी जायची वेळ होऊन गेली होती. मास्तर थांबले, मी थांबलो, जावईबापू थांबले. जावईबापूंनी पिशव्यांचा गठ्ठा उचलून ती खुर्ची मावशीसाठी मोकळी केली. ती बसली नाही, पण गठ्ठा परतही ठेवला नाही.

अर्ध्या तासानं चित्र आलं. टाकी अंधारी होती. गोटे दिसत होते, एक हिरवा पाला हलत होता. मासा एकही नाही. मास्तर घाबरले. "गेले कुठं?"

मावशी फोन डोळ्यांजवळ नेऊन निरखत राहिली. मग तिनं चिंधीच्या बोटानं एका गोट्याची कड दाखवली. कडेखालून तांब्याच्या तारेचा एक तुकडा चमकून गेला. मग दुसऱ्या गोट्याखाली एक. पाल्यात तीन.

"लपलेत," ती म्हणाली. "आता घाबरायचं कारण नाही. ओढ्यात असेच राहायचे ना हे?"

"असेच," मास्तर म्हणाले. "मला पहिल्या दिवशी दोन तास दिसले नव्हते."

आणि ते त्या रिकाम्या दिसणाऱ्या टाकीकडं कितीतरी वेळ बघत बसले, जणू ती काठोकाठ भरलेली आहे.